घेवड्याची बादली

लिम्फो माझ्या आईकडे जन्मली. पहिलं मूल माहेरी, ही आमची रीत. तिथे आई सगळं पुढचं-मागचं बघत होती आणि मी नुसती पडून आंबील पीत होते. त्यामुळे सासरचं बाळंतपण कसं असतं ते मला ठाऊकच नव्हतं. धाकटीच्या वेळी आई राहिली नव्हती, आणि दुसऱ्या मुलाला तशीही नवऱ्याच्याच घरची माती. तेव्हा ही सासूच्या हाताखाली आली.

आली तीही घाईने. नर्सने सांगितलेल्या तारखेला अजून अवकाश होता. मी ओढ्यावर कपडे धूत होते आणि पाठीतून कळ आली. ओले कपडे तिथेच दगडावर राहिले. शेजारच्यांच्या गाडीच्या मागच्या हौद्यात, बटाट्याच्या पोत्यांना टेकून, मी डोंगर उतरून दवाखान्यात गेले. दुसऱ्या दिवशी त्याच हौद्यातून बाळाला घेऊन वर आले. गाडीतून उतरले तेव्हा सासू स्टुलावर उभी राहून दारावरच्या शाकारणीत बोरूची काडी खोचत होती.

ती काडी दिसली की पुरुष त्या दारातून आत येत नाही. पाहुणा येत नाही. लांबून चालत आलेलं कुणीच येत नाही, कारण रस्त्याने पाय तापतात आणि तापल्या पायांची झळ कोवळ्या जिवाला लागते. आणि आतली बाई, काडी उतरेपर्यंत, बाहेर पडत नाही.

"ये," सासू म्हणाली. "आता इथून हलायचं नाही. चूल माझी, गुरं माझी, लिम्फो माझी. तुझं फक्त हे." आणि माझ्या हातातलं बाळ घेऊन तिने त्याच्या टाळूवर गाल टेकला.

तेव्हा मला आठवलं. माझ्या गोळ्या चुलीच्या झोपडीत होत्या.

ह्या खेपेला पोट दिसायला लागलं तेव्हा मी दवाखान्यात गेले, बोटातून रक्त दिलं, आणि नर्सने दार लोटून मला सांगितलं की एचआयव्ही आहे. लिम्फोच्या वेळी नव्हता. नर्सने माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि तो पिऊन होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "रोज एक गोळी. तू गोळी घेतेस तोवर बाळाला खुशाल दूध पाज. तू चुकलीस की दूध चुकलं." एवढंच मी डोक्यात घेऊन आले. बाकीचं, म्हणजे लांब खाणीत कामाला असलेल्या नवऱ्याला, त्सेकोला काय सांगायचं, सासूला काय सांगायचं, ते मी वाटेतच कुठेतरी ठेवलं आणि पुन्हा उचललं नाही.

गोळ्यांची डबी खुळखुळते. आमच्या गावात तो आवाज लहान पोरंसुद्धा ओळखतात. म्हणून मी सगळ्या गोळ्या फडक्यात बांधल्या आणि चुलीच्या झोपडीत घेवड्याच्या बियाण्याच्या बादलीत, राखेत खोल पुरल्या. कीड लागू नये म्हणून बियाणं राखेत कालवून ठेवतो. पेरणीपर्यंत त्या बादलीला कोण हात लावतंय? आणि मी ह्या घरात आल्यापासून चूल माझीच होती. सासू त्या दारात यायची ती फक्त धूर फार झाला म्हणून ओरडायला. रोज संध्याकाळी मक्याच्या पिठाची घट्ट पापा घोटून झाली की मी कोपरापर्यंत हात घालायची, एक गोळी काढायची, हात धुऊन ताटं वाढायची. इतकी चांगली जागा शोधली म्हणून माझी मलाच शाबासकी वाटत होती. बाळंतीण झाल्यावर त्या झोपडीत पाऊल टाकता येणार नाही, हे मात्र एकदाही मनात आलं नाही. दवाखान्यातून निघताना नर्सने विचारलं, "गोळ्या आहेत ना घरी?" मी म्हटलं, "भरपूर आहेत."

होत्याच की. अंगण ओलांडलं की होत्या.

बाळाचं औषध मी बरोबर आणलं होतं, लहानशी बाटली, रोज सकाळी तोंडात थेंब सोडायचं. सासूला सांगितलं, ताकदीचं आहे. तिने बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "ताकद माझ्या आंबिलीत आहे. पण दे, दवाखान्याला वाईट वाटायला नको."

दुसऱ्या सकाळी मालेफू कुंपणापाशी आली. मालेफू सासूची मैत्रीण, घसा असा की पलीकडच्या डोंगरावरची मेंढरं मान वर करतात.

"मात्सेकोऽ! काठी का पाणी?"

मात्सेको म्हणजे त्सेकोची आई, माझी सासू. मुलगा झाल्याची बातमी आली तर बापाला काठीने बडवतात, मुलगी झाली तर त्याच्या अंगावर पाणी ओततात.

"पाणी!" सासू अंगणातून म्हणाली.

"परत पाणी? तुझी सून त्सेकोचं तळं करणार गं!"

"खाणीतल्या पोरांनी ओतलं म्हणे भर थंडीत. शिंकत होता फोनवर."

मी आतून ऐकत होते आणि हसूही येत होतं. बाळ माझ्या मांडीवर होतं, मुठी मिटून, जसं काही कुणी तिच्याकडून काहीतरी हिसकावून घेणार आहे. तिची नखं इतकी पातळ होती की मी ती दाताने कुरतडली, कात्री लावायचा धीर झाला नाही. ती प्यायला लागली की तिच्या कपाळावर एक आठी पडायची, मोठ्या माणसासारखी, हिशेब न जुळल्यासारखी. आणि मला वाटायचं, हिला कळतंय. कालची गोळी नाही, आजची नाही.

मी हाक मारली, "म्मे." सासूला आम्ही म्मेच म्हणतो, आईला म्हणतो तसंच. "म्मे, ती घेवड्याची बादली आणता का आत? बसल्या बसल्या बियाणं निवडून ठेवते. हात रिकामेच आहेत."

सासू दारात आली. "राखेची बादली? बाळाच्या नाकात राख घालायची आहे?"

"तोंडावर फडकं टाकेन तिच्या."

"तुझे हात कुठे रिकामे आहेत? त्यात बाळ आहे."

कुंपणापलीकडून मालेफू खिदळली. "ओली बाळंतीण आणि बियाणं आठवतंय! पुढच्या पेरणीची घाई झाली दिसते. त्सेकोला कळव गं, लवकर ये म्हणावं!"

"तोंड सांभाळ, मालेफू. माझी सून आहे."

"मग? सुना काय मेंढ्यांच्या पोटी येतात?"

असं ते राहूनच गेलं. त्यानंतर मी वेगवेगळ्या युक्त्या केल्या. पाठीला शेक हवा म्हणून राख मागितली, तर तिने चुलीतली गरम राख आणली. लिम्फोला सांगावं असंही वाटलं, पण चार वर्षांचं पोर, ते फडकं हातात नाचवत अख्खं अंगण फिरलं असतं. किती गोळ्या चुकल्या ते मी मोजायचं टाळत होते. रात्रंदिवस सासू माझ्याजवळ. माझी पोटपट्टी तीच आवळायची, माझे पाय तीच चोळायची, बाळाचे लंगोट तीच धुवायची. एवढ्या मायेत दोन पावलं चोरून टाकायला जागा नव्हती. दूध पाजताना मी बाळाकडे बघेनाशी झाले. मालेफूने आडून विचारलं, "दूध येतंय ना चांगलं?" तर सासू अभिमानाने म्हणाली, "गाय आहे गाय!" मला तोंड फिरवावं लागलं.

शेवटी एका दुपारी झऱ्यावर गर्दी असणार असं मालेफू सांगून गेली. सासू बादली घेऊन निघाली, लिम्फो तिच्या मागे. मी बाळाला कांबळ्यात गुंडाळून भिंतीकडे ठेवलं, डोक्यावरून घोंगडी घेतली, आणि काडीखालून बाहेर पडले.

उन्हाने डोळे दिपले. कोंबड्या अंगावर आल्यासारख्या धावल्या, मीच त्यांना दाणे टाकायची ना. चुलीच्या झोपडीत सगळं बदललेलं. पातेली माझ्या जागेवर नाहीत, घोटणी दुसऱ्याच खुंटीला, आणि बादलीवर गोवऱ्यांचं पोतं. टाके ओढत होते तरी ते पोतं मी लोटलं. राखेत हात घातला. घेवडा, घेवडा, नुसता घेवडा. मग फडकं लागलं. गाठ दाताने सोडली आणि एक गोळी तशीच, पाण्याशिवाय, राखेसकट गिळली.

वळले तर सासू दारात. डोक्यावर पाण्याची बादली, एक हात बादलीला.

"बाळ कुठाय?"

"झोपलंय."

"बाळाला एकटं टाकून, काडी ओलांडून, तू इथे राख खातेस?" तिचा आवाज चिडल्यापेक्षा घाबरलेला होता. "माती-राख खायचे डोहाळे पोटुशीला लागतात, बाळंतिणीला नाही. तुला कुणी काही केलंय का? हात उघड."

मी उघडला नाही. तिने बादली खाली ठेवली, माझं मनगट धरलं आणि एकेक बोट सोडवलं, मी लिम्फोच्या मुठीतून खडे काढते तसं. फडक्यात पांढऱ्या गोळ्या, राखेने मळलेल्या.

मला वाटलं फेकून देईल. तिने गाठ बांधली, परत बांधली, आणि स्वतःच्या कमरेच्या ओच्यात खोचली. मग झऱ्याचं पाणी माझ्या पायांवर ओतलं, सगळी बादली. ते पाणी बर्फासारखं. अंगणातल्या चार पावलांनी माझे पाय तापले असतील तर थंड व्हायला हवेत, बाळाकडे जायच्या आधी. खाली वाकून तिने माझ्या बोटांच्या बेचक्यासुद्धा चोळल्या.

आत आल्यावर तिने आधी बाळाचा श्वास बघितला. मग भिंतीला टेकून बसली.

"मोसेलीच्या गोळ्या अशा नव्हत्या," ती म्हणाली. मोसेली त्सेकोची थोरली बहीण. मी तिला पाहिलं नाही, फक्त तिचं थडगं पाहिलंय. "तिच्या पुष्कळ असायच्या. मूठभर."

"आता एकच असते."

"त्सेकोला ठाऊक आहे?"

"नाही."

"कुणी कुणाला दिलं?"

"मला नाही ठाऊक, म्मे. लिम्फोच्या वेळी माझं रक्त साफ होतं."

ते तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "म्हणजे तू माझ्या मुलाचं नाव घेतेस."

"मी कुणाचंच नाव घेत नाही. तुम्ही विचारलंत."

"आणि ते ताकदीचं औषध?"

"तेही ह्याचंच. बाळाला होऊ नये म्हणून."

"खोटारडी," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

पण दुसऱ्या सकाळी मी बाटली काढली तर ती पुढे सरकली, बाळाची हनुवटी दोन बोटांत धरली आणि म्हणाली, "सोड थेंब. नीट सोड, गालात, नाहीतर ओकते."

गोळ्या तिने परत दिल्या नाहीत. ओच्यातच ठेवल्या. रोज संध्याकाळी पापा आणि पालेभाजी घेऊन यायची, ताटाच्या कडेला एक गोळी. मी गिळेपर्यंत समोर उभी. सुरुवातीला मला हायसं वाटलं. लपवायला नको, खोटं बोलायला नको, आणि बाळ प्यायला लागलं की मी पुन्हा तिच्या तोंडाकडे बघू शकत होते. सासूने ताट वेगळं केलं नाही, पेला वेगळा केला नाही. शेजारी तशीच झोपायची. एकदा फक्त, बाळाचा मुका घेता घेता थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्याने होत नाही, म्मे." "मला शिकवू नकोस," ती म्हणाली आणि चार मुके घेतले, मोठ्याने.

मग एके दिवशी आमचं पटलं नाही. लिम्फोला ती गूळपाणी पाजून पाजून गप्प बसवत होती, त्यावरून मी काहीतरी बोलले. त्या संध्याकाळी ताट आलं, गोळी आली नाही. मी खाल्लं. वाट पाहिली. ती बाहेर भांडी घासत होती, आवाज करत.

"म्मे, गोळी."

"अगं बाई. विसरले की."

विसरलीही असेल. पण ती ओच्याची गाठ सोडत होती तेव्हा मी तिच्या बोटांकडे कशी बघत होते ते माझं मलाच जाणवलं. कुत्रं हाडाकडे बघतं तसं.

त्सेकोचा फोन सासूच्याच मोबाइलवर यायचा, रविवारी, दिवस मावळायच्या सुमाराला. काडी उतरवायचा दिवस जवळ आला तसा तो म्हणायला लागला की रजा टाकली आहे, येतो. एका रविवारी सकाळी सासू मला म्हणाली, "तो असेपर्यंत गोळी नको."

"काय?"

"थोडेच दिवस. तो घरात असताना ताटात गोळी कशी ठेवू? गेला की परत."

"म्मे, मध्येच सोडून चालत नाही. दूध आहे अंगावर."

"डब्याचं देऊ तेवढे दिवस."

"थोडं डब्याचं, थोडं माझं, ते तर आणखी वाईट. नर्सने सांगितलंय."

"नर्स काही त्याच्याबरोबर नांदत नाही!" ती ओरडली, आणि लगेच बाळाकडे बघून आवाज खाली आणला. "ऐक. मोसेलीने सांगितलं होतं नवऱ्याला. मीच सांग म्हटलं होतं तिला. नवरा-बायकोत लपवाछपवी कशाला, म्हटलं. त्याने त्याच आठवड्यात तिला इथे आणून टाकलं, एका पिशवीसकट. पोरं ठेवून घेतली. पोरांकडे तोंड करून झोपायची ती, त्यांच्या गावाकडे, त्या भिंतीकडे. गोळ्या उशाला पडून राहिल्या."

भिंत समोरच होती, माझं बाळ मी रोज तिच्याच कडेला ठेवत होते.

"त्सेको तसा नाही, म्मे."

"कुठली आई म्हणते तिचा मुलगा तसा आहे म्हणून? पण मी त्याच्या बापाबरोबर नांदलेय." तिने ओचा चाचपला. "तू जायचीस, पोरं इथे राहायची. मी म्हातारी ह्यांना काय पाजू?"

ते तिने धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यावर माया होती म्हणूनच ती मला गोळीवाचून ठेवायला निघाली होती, आणि मला तिच्यावर रागावताही येत नव्हतं. दिवसभर मी विचार केला. तो येईल. मी गोळी घेणार नाही. तो जवळ झोपेल, त्यालाही काही ठाऊक नाही, तोही काही घेत नाही. तो जाईल. मी घेईन. पुढच्या सणाला पुन्हा येईल. प्रत्येक वेळी ही, मुठी मिटून, कपाळाला आठी घालून, जे येईल ते पीत राहील.

संध्याकाळी फोन वाजला. सासूने नेहमीसारखा तो मोठ्या आवाजावर ठेवला आणि आमच्या मध्ये कांबळ्यावर ठेवून दिला.

"माझी पाणीवाली काय करते?" त्सेको म्हणाला. मागे पोरांचा गलका, कुणीतरी नळाखाली गात होतं.

"झोपलीय," मी म्हटलं.

"माझ्यासारखं नाक आहे का?"

"नाक तुझं, कपाळ म्मेचं."

"अरेरे, मग भांडकुदळ होणार!" तो हसला. "लिम्फोला बूट घेतलेत. लाल. तुला काय आणू सांग. लाजू नकोस, म्मे ऐकत असली तरी."

सासू नाही म्हणून मान हलवत होती, हळूहळू, माझ्याकडे बघत. तिने हात फोनकडे नेला. मी तिच्या हातावर माझा हात ठेवला. कधीच ठेवला नव्हता.

"त्सेको, जरा बाजूला जा. पोरांपासून."

"का गं? काय झालं?"

"जा आधी."

गलका कमी झाला. दार लोटल्याचा आवाज आला.

"पोटात होती तेव्हा माझं रक्त तपासलं. एचआयव्ही निघाला. मी रोज गोळी घेतेय. बाळालाही औषध चालू आहे. मला तुझ्यापासून लपवून घ्यायची नाही, नाहीतर गोळ्या चुकतात. तूही तपासून घे."

एवढं मी एका दमात बोलले. पुढचं पाठ केलेलं काहीच आठवलं नाही. माझ्या हाताखाली सासूचा हात गार पडला होता.

तो म्हणाला, "बाळाला आहे?"

"अजून कळायचं आहे. तपासणी व्हायची आहे."

"म्मेला ठाऊक आहे?"

सासूने डोळे मिटले आणि म्हणाली, "आहे, बाळा."

फक्त त्याचा श्वास, कुठेतरी उभं राहून घेतलेला.

"नंतर बोलतो," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

मला वाटलं, आता सासू बोलेल ते सगळं बोलेल, आणि मी ऐकून घ्यायचं ठरवलं होतं. तिने हात माझ्या हाताखालून काढून घेतला. ओच्याची गाठ सोडायला तिला वेळ लागला, अंधारून आलं होतं. मग अख्खं फडकंच तिने माझ्या मांडीवर ठेवलं.

"आता माझ्याकडे ठेवून काय करू," ती म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बाहेर गेली.

मी एक गोळी घेतली, पाण्याबरोबर. फडकं उशापाशी उघड्यावर ठेवलं. बाळ जागं झालं, तोंड इकडे-तिकडे शोधायला लागलं, मी तिला घेतलं. ती प्यायला लागली तशी मी तिच्याकडे बघत राहिले आणि मग फोनकडे, आणि पुन्हा तिच्याकडे. फोन काळा पडला होता.

बाहेर कुंपणापाशी मालेफूचा आवाज आला. "काय म्हणतो गं त्सेको? येतोय ना?"

घमेल्यात पाणी पडल्याचा आवाज आला.

"म्हणतो, नंतर बोलतो."

"येतोय की नाही ते सांग की."

"सांगितलं ना," सासू म्हणाली. "जा, तुझी पापा करपली असेल."

मी बाळाला दुसऱ्या अंगाला घेतलं.